संकटाला शत्रू म्हणावे काय?

पुण्यास गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारातील जुन्या वडांखालून मुख्य इमारतीकडे जाणारी जी वाट आहे, त्या वाटेने सायंकाळी फेरफटका करण्याचा आम्हा तिघांचा शिरस्ता बरीच वर्षे चालत आला आहे. तिघांपैकी रावसाहेब हे परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षे न्यूयॉर्क आणि जिनीव्हा येथे गेल्यामुळे आंतरराष्ट्रीय मसलतींचे बारकावे त्यांना आपल्या घरच्या हिशेबासारखे पाठ आहेत. बाईंनी तीन तपे महाविद्यालयात इतिहास शिकविला; जुन्या दप्तरांतील कागद त्या जितक्या आस्थेने वाचतात, तितक्याच आस्थेने त्या कागदांत ज्यांची नावे आलेली नाहीत अशा माणसांचाही विचार करतात. मी उभयतांचा श्रोता. परवा रावसाहेबांच्या हाती एका व्याख्यानाचे टाचण होते आणि व्याख्यानाचा विषय होता ‘महामारी आणि राष्ट्राची सुरक्षा’. बाईंनी ते चालता चालता वाचले, घडी करून परत दिले, आणि ‘सुरक्षा’ या एका शब्दावरून जो संवाद सुरू झाला, तो दिवेलागण होऊन गेली तरी संपला नाही. तो जसा स्मरतो तसा येथे उतरवीत आहे. कारण त्या दोघांच्या बोलण्यातून उभा राहिलेला प्रश्न मुत्सद्द्यांइतकाच तुमच्याआमच्या उंबरठ्याशी संबंधित आहे.

रावसाहेब : टाचण आपल्याला पसंत पडलेले दिसत नाही, बाई. स्पष्ट सांगा, सभेत कोणी सांगण्यापेक्षा आपण येथे सांगितलेले बरे.

बाई : माहितीबद्दल माझी तक्रार नाही, रावसाहेब. पण पहिल्याच परिच्छेदात आपण लिहिले आहे, की महामारी हा राष्ट्राच्या सुरक्षेला असलेला धोका आहे हे सरकारांना जितक्या लवकर पटेल तितके चांगले. आणि माझी शंका तेथेच सुरू होते. रोग भयंकर असतो हे कोणाला पटवावे लागत नाही. ज्याच्या घरात माणूस तापाने फणफणत पडले आहे त्याला ते ठाऊकच असते. ‘सुरक्षा’ हा शब्द उच्चारून जे पटवावयाचे असते ते निराळे असते. नेहमीचे कायदे, नेहमीची चौकशी आणि नेहमीचा वादविवाद काही काळ बाजूला ठेवण्याची मुभा आम्हांला द्या, अशी ती मागणी असते, आणि ही मागणी रोगाच्या नावाने केली जाते म्हणून ती मागणी आहे हेच आपल्या ध्यानात येत नाही.

रावसाहेब : हे कोपनहेगनच्या पंडितांचे मत झाले. ओले वेव्हर यांनी १९९५ साली आपल्या निबंधात ते मांडले, आणि १९९८ मध्ये बॅरी बुझान व याप दे विल्दे यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात त्याची सविस्तर मीमांसा केली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी दाखवून दिले होते, की काही वाक्ये जगाचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारताच जगात काहीतरी घडते. आपल्याकडे लिलावात ‘तीन वार’ म्हणून हातोडा पडला की माल एकाचा दुसऱ्याचा होतो, तसेच हे. वेव्हर यांनी हाच न्याय सुरक्षेला लावला. अधिकाराच्या जागेवरील व्यक्तीने ‘यामुळे आपले अस्तित्वच धोक्यात आले आहे’ असे म्हणावे आणि ज्यांच्यापुढे म्हटले त्यांनी ते मानावे, एवढे झाले की विषय नेहमीच्या राजकारणाच्या हद्दीतून उचलला जाऊन अपवादाच्या हद्दीत जातो. ही मीमांसा मला मान्य आहे. तीवरून ‘म्हणून तो शब्द शक्यतो टाळावा’ असा जो निष्कर्ष काढतात, तो मला मान्य नाही.

बाई : का मान्य नाही?

रावसाहेब : कारण मी सरकारी मेजाच्या त्या बाजूला बसलो आहे. आरोग्याचा कागद एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तेथून खजिन्याकडे आणि खजिन्याकडून खुलाशासाठी पुन्हा मूळ खात्याकडे असा महिनोन्‌महिने फिरत राहतो. त्याच कागदावर सुरक्षेचा उल्लेख आला की तो दुपारपर्यंत मंत्र्यांच्या हाती पडतो. एड्सचेच उदाहरण घ्या. तो रोग १९८१ पासून वैद्यकाला ठाऊक होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत दोन कोटींहून अधिक माणसांच्या शरीरात त्याचा विषाणू होता, आणि तरीही श्रीमंत राष्ट्रांच्या तिजोऱ्या किलकिल्याच राहिल्या होत्या. १० जानेवारी २००० रोजी अमेरिकेचे उपाध्यक्ष अल गोर यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत या रोगावर चर्चा झाली. एखादा आरोग्याचा प्रश्न शांततेला धोका म्हणून त्या सभागृहात येण्याची ती पहिलीच वेळ. त्याच वर्षी जुलैत १३०८ क्रमांकाचा ठराव झाला, पुढल्या वर्षी आमसभेचे विशेष अधिवेशन भरले, २००२ मध्ये जागतिक निधी उभा राहिला, आणि २००३ मध्ये अमेरिकेने पाच वर्षांत पंधरा अब्ज डॉलर देण्याची घोषणा केली. वीस वर्षे जे कारुण्याने झाले नाही ते तीन वर्षांत भयाने झाले. ज्या मातेला औषध मिळाले, तिला ते कोणत्या शब्दाने मिळाले याची चिकित्सा करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

बाई : प्रश्न सुंदर आहे, आणि त्या मातेची शपथ घालून विचारलेला असल्यामुळे मी त्याचे उत्तर जपून देते. ज्या ठरावाचा आपण दाखला दिलात त्याचे लक्ष मुख्यतः शांतिसैनिकांवर होते. त्यांची तपासणी, त्यांचे शिक्षण, त्यांच्यामुळे होणारा प्रसार हे त्याचे विषय होते. शेतात राबणारी ती माता त्या ठरावाच्या कडेला उभी होती. आणि औषध तिच्या आवाक्यात आले त्यामागे आणखी एक इतिहास आहे. वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक किंमत पडणारे तीन औषधांचे मिश्रण २००१ च्या फेब्रुवारीत आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने वर्षाला ३५० डॉलरांत, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी किंमतीत, देऊ केले. त्याच एप्रिलमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारविरुद्ध औषध कंपन्यांनी गुदरलेला दावा लोकांच्या आंदोलनापुढे मागे घ्यावा लागला, आणि नोव्हेंबरात दोहा येथे व्यापारी राष्ट्रांनी मान्य केले, की पेटंटाचा करार लोकांच्या आरोग्याच्या आड येऊ नये. यांपैकी एकही गोष्ट सुरक्षा परिषदेत घडली नाही. ती न्यायालयात, कारखान्यात, रस्त्यावर आणि व्यापाराच्या वाटाघाटींत घडली. म्हणजे नेहमीच्या राजकारणातच घडली.

रावसाहेब : परंतु स्वस्त झाले तरी औषध विकत घ्यावेच लागते, आणि ते घेण्यासाठी पैसा ज्या सरकारांनी दिला त्यांनी तो भयापोटीच दिला. दोन्ही हात लागले, एवढे तरी कबूल करा.

बाई : दोन्ही हात लागले, हे कबूल. आता दुसऱ्या हाताने आणखी काय केले तेही पाहू. हाइतीहून नावांतून पळून आलेल्या निर्वासितांपैकी ज्यांच्या रक्तात हा विषाणू सापडला, अशा दोनशेहून अधिक माणसांना अमेरिकेने १९९१ पासून ग्वांतानामोच्या लष्करी तळावर काटेरी तारांच्या आत ठेवले, आणि १९९३ मध्ये न्यायाधीशाने हुकूम दिला तेव्हाच त्यांची सुटका झाली. अशा रुग्णांना त्या देशात प्रवेश नाकारणारा १९८७ चा निर्बंध तर २०१० पर्यंत चालू होता. तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे, की रोगाला शत्रू म्हटले की शत्रू शोधावयास निघालेल्या माणसाला रोग दिसत नाही, रोगी दिसतो. आणि मग तो रोग्यालाच धरतो. याचा एक जुना आणि सर्वांत जवळचा दाखला आपण ज्या जागेत उभे आहोत तेथला आहे.

(बाई येथे थांबल्या. समोर मुख्य इमारतीचा मनोरा संध्याकाळच्या उन्हात उभा होता. त्याच्याकडे पाहतच त्या पुढे बोलू लागल्या.)

बाई : १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, ओळखला. प्रथम त्याचे नाव घेण्यासच अधिकारी कचरत होते. कारण नाव घेतले तर मुंबईचा व्यापार बसेल. पुढे रोग वाढला, जवळजवळ निम्मे शहर कोकणात आणि घाटावर ओसरले, आणि युरोपातील बंदरांना भय पडले, की मुंबईच्या जहाजातून हा रोग आपल्या धक्क्यावर उतरेल. १६ फेब्रुवारी १८९७ पासून व्हेनिस येथे राष्ट्रांची आरोग्य परिषद भरली. तिच्या तोंडावर, ४ फेब्रुवारीला, आपल्याकडे साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा! त्याच्या तिसऱ्या कलमाने हुकूम मोडणाऱ्यास दंडसंहितेची शिक्षा ठरविली आणि चौथ्या कलमाने हुकूम बजावणाऱ्यास दाव्यापासून अभय दिले. ज्या व्यापाराच्या भयाने आधी रोग लपविला, त्याच व्यापाराच्या भयाने आता रोग्याची शोधाशोध सुरू झाली. आणि हे ध्यानात घ्या, रावसाहेब, की त्याच वर्षी याच इलाख्यात दुष्काळाने माणसे झिजून मरत होती. त्या दुष्काळासाठी कोणी व्हेनिसला परिषद भरविली नाही; कारण दुष्काळ जहाजात बसून मार्सेलिसला जात नाही.

रावसाहेब : हा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. मरणाऱ्यांच्या संख्येवर धोका ठरत नाही, तो कोणाच्या दाराशी येतो यावर ठरतो, असे आपले म्हणणे.

बाई : तेच. आजही क्षयाने जगात दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे मरतात, त्यांतील सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात. पण त्यावर सुरक्षा परिषदेचा ठराव आपल्या ऐकिवात आहे काय? असो. पुण्यात काय झाले ते सांगते. १८९७ च्या मार्चपासून मेपर्यंत वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीखाली गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पेठापेठांतून फिरल्या. एखाद्या वाड्यापुढे तुकडी उभी राहिली, म्हणजे दिंडीदरवाजा उघडेपर्यंतही धीर नसे. बूट घालून माणसे माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. काखेत आणि जांघेत गाठ आहे काय हे पाहण्यासाठी बायाबापड्यांना चारचौघांसमोर तपासले जाई. अंथरुणे-पांघरुणे अंगणात आणून पेटविली जात. ज्याच्या अंगात नुसता ताप असे त्यालाही रुग्णालयात नेत आणि घरच्या माणसांना छावणीत. आपला माणूस जिवंत आहे की नाही हेही कित्येकांना कळत नसे. याचा परिणाम असा झाला, की लोक आजारी माणसे माळ्यावर, तळघरात, रात्री परगावी लपवू लागले, आणि लपविलेल्या माणसांबरोबर रोगही गावोगाव गेला.

रावसाहेब : आणि २२ जूनच्या रात्री...

बाई : व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा उत्सव याच इमारतीत होता, हे तेव्हा गव्हर्नरांचे निवासस्थान. समारंभ आटोपून परतणाऱ्या गाड्यांवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. त्या बंधूंपैकी दामोदरपंत पुढल्या वर्षी १८ एप्रिलला फासावर चढले. लोकमान्यांनी प्लेगच्या दिवसांत गाव सोडले नाही, हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारले, आणि वर्ष संपण्याच्या आत राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनाच अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आता यातील मर्माची गोष्ट ऐका. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, कराचीत काम करणाऱ्या पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने दाखवून दिले, की गाठीचा प्लेग उंदरावरील पिसवांमधून माणसाला होतो. सोजिरांनी घरांच्या झडत्या घेतल्या, माणसे धरली, अंथरुणे जाळली. उंदीर मात्र भिंतीच्या बिळात सुखरूप राहिला. पुढल्या काही दशकांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक माणसे नेली. बळाने ना माणूस वाचला, ना रोग हटला.

(काही वेळ आम्ही तिघेही न बोलता चाललो. वडाच्या पारंब्यांजवळ रावसाहेब थांबले.)

रावसाहेब : बाई, आपण सांगितलेत त्यातील एका अक्षरालाही मी हरकत घेणार नाही. परंतु ते राज्य परक्यांचे होते. ज्या राज्याला प्रजेपुढे उत्तर द्यावे लागत नाही ते रोगाच्या निमित्ताने जुलूम करील, यात नवल काय? दोष परसत्तेचा आहे. तो ‘सुरक्षा’ या शब्दाच्या पदरी का बांधता?

बाई : कारण परसत्ता गेल्यावरही तो शब्द तसाच वागतो. ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाच्या राजधानीत, मनरोव्हियात, वेस्ट पॉइंट नावाची समुद्रकाठची दाट वस्ती इबोलाच्या भयाने सैन्याने एका पहाटे वेढली. राज्य त्यांचे स्वतःचे, अध्यक्ष मतांनी निवडलेल्या. तरीही तारांच्या आत हजारो माणसे अन्नपाण्यावाचून कोंडली गेली, दगडफेक झाली, गोळीबार झाला, आणि पंधरा वर्षांचा एक मुलगा त्यात मेला. दहाएक दिवसांनी वेढा उठवावा लागला. आणि आपल्यावरही हा प्रसंग आलेला आहे. १९९४ साली सुरतेच्या प्लेगने पन्नासच्या आसपास माणसे दगावली. पण तेवढ्यावरून कित्येक देशांनी आपली विमाने बंद केली, आपला माल अडविला, आणि आपल्या प्रवाशांकडे संशयाने पाहिले. १८९७ मध्ये आपण ज्या जागी होतो, स्वतंत्र होऊनही जगाच्या दृष्टीने पुन्हा त्याच जागी उभे राहिलो.

रावसाहेब : इबोलाचा दाखला आपण दिलात, तर त्याची दुसरी बाजू मला सांगू द्या. पश्चिम आफ्रिकेतील ती साथ २०१४ च्या मार्चमध्ये जाहीर झाली. जूनमध्ये सेवाभावी डॉक्टर ओरडून सांगत होते, की ती हाताबाहेर गेली आहे. कोणी हलले नाही. ऑगस्टात जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी पुकारली आणि १८ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने २१७७ क्रमांकाचा ठराव केला, की ही साथ आंतरराष्ट्रीय शांततेला धोका आहे. १३० राष्ट्रे त्या ठरावाच्या पाठीशी उभी राहिली, आणि मग माणसे, विमाने, पैसा यांचा ओघ सुरू झाला. अकरा हजारांहून अधिक माणसे त्या साथीत गेली. तो शब्द मार्चमध्ये उच्चारला असता तर त्यांतील किती वाचली असती? आपण शब्दाच्या जुलमाची गोष्ट सांगता, मी शब्दाच्या विलंबाची सांगतो.

बाई : आपली गोष्ट खरी आहे आणि ती मनाला लागते. पण ओघ आला तेव्हा काय आले, तेही पाहावे. अमेरिकेच्या सैन्याने लायबेरियात उपचारकेंद्रे बांधली. त्यांतील बहुतेक तयार होईपर्यंत साथ ओसरू लागली होती आणि कित्येक खाटांवर एकही रुग्ण आला नाही. साथ उतरली त्याचे मोठे श्रेय तेथल्या वस्त्यांनाच आहे. त्यांनी आपल्या मृतांना स्नान घालण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल मन घट्ट करून सोडली, घरोघर फिरून आजारी माणसांची नोंद ठेवली आणि शेजाऱ्यांना अन्न पोचविले. सैनिकाला हे करता येत नाही. ज्याच्यावर विश्वास आहे अशा शेजाऱ्यालाच करता येते. आणि देवीच्या रोगाचे उदाहरण तर आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. १९६७ पासून तेरा वर्षांत तो रोग पृथ्वीवरून गेला. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका आणि सोव्हिएत रशिया त्या कामात शेजारी बसले. त्यासाठी कोणी सुरक्षा परिषदेचे दार ठोठावले नाही.

रावसाहेब : आता मी आपल्याला एक गोष्ट सांगतो, ती आपल्याला आवडणार नाही. त्या मोहिमेच्या अखेरच्या वर्षांत आपल्या देशात आणि बांगलादेशात काही ठिकाणी रात्री घरे वेढून, दारे फोडून, माणसांना जमिनीवर दाबून धरून लस टोचली गेली आहे. इतिहासकारांनी त्याची नोंद केलेली आहे. तेथे ‘सुरक्षा’ हा शब्द नव्हता, तरी बळजोरी होती. मग दोष शब्दाचा कसा?

बाई : (जरा थांबून) हे मी मान्य करते. शब्द नसला म्हणजे सत्ता सौम्य होते असे नाही. माझे म्हणणे मला सुधारून घेतले पाहिजे. बळजोरी सर्वत्र होते. पण नेहमीच्या राजकारणात झालेल्या बळजोरीला बळजोरी म्हणण्याची सोय राहते, तिच्याविरुद्ध फिर्याद करता येते, पुढे पश्चात्तापही करता येतो. सुरक्षेच्या नावाने झालेली बळजोरी मात्र आधीच कर्तव्य म्हणून नोंदली गेलेली असते. १८९७ च्या कायद्याचे चौथे कलम आठवा. फरक इतकाच आहे, पण तो लहान नाही.

रावसाहेब : लहान नाही, हे मीही मान्य करतो.

बाई : मग मी आपल्याला आपल्याच कारकिर्दीतला एक प्रश्न विचारते. हवामानाच्या बदलावर सुरक्षा परिषदेत पहिली चर्चा १७ एप्रिल २००७ रोजी ब्रिटनच्या पुढाकाराने झाली. पुढे १३ डिसेंबर २०२१ रोजी आयर्लंड आणि नायजर यांनी याविषयी ठराव मांडला. बारा मते अनुकूल पडली, चीन तटस्थ राहिला, रशियाने नकाराधिकार वापरला, आणि हिंदुस्थानने विरुद्ध मत दिले. ते आपल्याला पटले होते काय?

रावसाहेब : पूर्णपणे. कार्बन कोणी किती ओतला, कोणी किती कमी करावा आणि कोणी कोणाला किती भरपाई द्यावी, हा हिशेब सर्व राष्ट्रांच्या सभेत होत आलेला आहे. तो पाच कायम सभासदांच्या खोलीत नेला, तर ज्यांनी शतकभर धूर सोडला तेच न्यायाधीश होतील, आणि ज्या गरीब देशांत पाण्यावरून तंटे होतात ते आरोपी ठरतील. जबाबदारीचा प्रश्न बंदोबस्ताचा प्रश्न होऊन बसेल.

बाई : रावसाहेब, मी गेला तासभर जे सांगत आहे तेच आपण आता चार वाक्यांत सांगितलेत.

(रावसाहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी हातातील टाचणाची घडी उलगडली आणि पहिल्या परिच्छेदावर बोट ठेवले.)

रावसाहेब : आपण मला माझ्याच साक्षीने बांधलेत. तरीही एक बाजू उरते. पॅसिफिकमधील तुवालूसारखी जी बेटे समुद्रात बुडत आहेत, त्यांचे प्रतिनिधी त्याच परिषदेपुढे येऊन ‘आमचे अस्तित्व धोक्यात आहे’ असे म्हणतात. त्यांनाही आपण म्हणाल काय, की हा शब्द वापरू नका?

बाई : नाही, त्यांना मी तसे म्हणणार नाही. ज्याच्या हाती सैन्य नाही, तारेचे कुंपण नाही, दुसऱ्याच्या घरात शिरण्याची ताकद नाही, त्याच्या तोंडी तो शब्द ही हाक असते. ज्याच्या हाती हे सर्व आहे त्याच्या तोंडी तो हुकूम होतो.

रावसाहेब : मग आपण शब्दाच्या विरुद्ध नाही. शब्द कोण उच्चारतो आणि त्याला जाब कोण विचारतो, यावर आपला कटाक्ष आहे.

बाई : आणि आपणही शब्दाचे अंध कैवारी नाही. विलंब टळावा, एवढेच आपल्याला हवे आहे.

रावसाहेब : तर मग टाचण असे सुधारतो. कोणतेही सरकार, कोणतीही परिषद, एखाद्या संकटाला सुरक्षेचा धोका म्हणू लागली, तर श्रोत्यांनी चार प्रश्न विचारावेत. ही सुरक्षा कोणाची : रोग्याची, की रोग्यापासून इतरांची? या अपवादाला मुदत किती? त्या मुदतीत केलेल्या कृत्यांचा हिशेब कोणापुढे द्यावयाचा? आणि ज्याच्यावर हे उपाय करावयाचे, त्याचे म्हणणे कोणी ऐकले आहे काय? २००५ च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत या दिशेने एक पाऊल पडलेले आहे. प्रवास व व्यापारात मोठा अडथळा आणणारे जादा निर्बंध घालणाऱ्या राष्ट्राने त्यांची कारणे जागतिक आरोग्य संघटनेला कळवावीत, आणि प्रवाशांचा मान व मूलभूत हक्क राखावेत, असे ते नियम सांगतात.

बाई : आणि त्या नियमांचे काय झाले ते २०२० मध्ये आपण पाहिले. राष्ट्रांनी एकमेकांची दारे लावून घेतली; सुरक्षा परिषदेला तर अमेरिका आणि चीन यांच्या वादामुळे साधा ठराव करावयासही १ जुलै उजाडला; आणि आपल्याकडे कपाटातून काढला गेला तो १८९७ चाच कायदा. म्हणून आपले चार प्रश्न चांगले आहेत, पण ते संकट आल्यावर विचारावयाचे नाहीत. भय दाराशी उभे असताना प्रश्न विचारण्याचे धैर्य कोणाला होत नाही. कायदे शांततेच्या दिवसांतच तपासून ठेवावे लागतात.

रावसाहेब : हे वाक्य आपल्या नावाने व्याख्यानात घेऊ का?

बाई : नाव कशाला? श्रोत्यांना हा रस्ता दाखवा, म्हणजे झाले.

एवढे होईतो आम्ही मुख्य इमारतीपाशी पोचलो होतो. उभयतांचे पूर्ण एकमत झाले असे मी म्हणणार नाही. रावसाहेबांच्या मनातील विलंबाची भीती आणि बाईंच्या मनातील बळाची भीती या दोन्ही खऱ्या आहेत, आणि ज्या देशाने दोन्ही अनुभवल्या आहेत त्याने त्यांपैकी एकीवरही डोळेझाक करू नये. माझ्यापुरता मी एवढाच निर्णय घेऊन घरी आलो, की यापुढे कोणी एखाद्या रोगाला, निर्वासितांच्या लोंढ्याला किंवा कोरड्या पडलेल्या नदीला राष्ट्राचा शत्रू म्हटले, तर त्या शत्रूच्या जागी उद्या कोणता माणूस उभा केला जाणार आहे हे आधी विचारावयाचे. वाचकांनीही ते विचारावे, अशी माझी विनंती आहे.

परतताना बाईंनी एक गोष्ट सांगितली, ती येथे नोंदवून थांबतो. १८९७ च्या त्याच मार्च महिन्यात, सोजिरांच्या तुकड्या पेठांत शिरण्याच्या काही दिवस आधी, पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला डॉ. यशवंत फुले यांच्या दवाखान्यात त्यांची आई प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत होती. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तिने पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. तिला स्वतःला तो रोग झाला आणि १० मार्चला ती गेली. तिच्या लेखी तो मुलगा धोका नव्हता, रोगी होता. ज्या इमारतीतून २२ जूनच्या रात्री रँडची गाडी निघाली, त्या इमारतीत आज विद्यापीठ आहे, आणि २०१४ सालापासून त्या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.